ऊर्जाबचत शिक्षण, घरगुती

घरात लागणाऱ्या विजेचा व इंधनाचा हिशेब ठेवून त्यांची नासाडी टाळण्याचे विद्यार्थी आणि कुटुंबीयांना दिले जाणारे शिक्षण. सोयी सोडायला लावणे हा त्याचा हेतू नाही. तेवढाच उजेड, वारा किंवा गरम पाणी कमी ऊर्जेत मिळवणे हा आहे.

पार्श्वभूमी : भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) स्थापन झाला. उपकरणांवरील तारांकन २००६ मध्ये सुरू झाले. शालेय विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर चित्रकला स्पर्धा घेतल्या जातात, तर १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात हे काम पुण्यात मुख्यालय असलेल्या महाऊर्जा या संस्थेकडे आहे.

अध्यापन : घोषणा आणि भित्तिपत्रके यांनी विषय कानावर पडतो, सवय मात्र मोजण्यातून बदलते. म्हणून विद्यार्थ्यांना आठवडाभर रोज ठरावीक वेळी घरच्या मीटरचे रीडिंग टिपायला सांगावे. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले, की एक युनिट वीज खर्च होते. वॉट गुणिले तास, भागिले हजार एवढे गणित सातवीच्या मुलालाही जमते. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिटे लागतात. ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या) पंख्याला सुमारे ११. साठ वॉटच्या जुन्या बल्बचे काम ९ वॉटचा एलईडी दिवा करतो. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवणे व भांड्यावर झाकण ठेवणे यांनी गॅस वाचतो.

कुटुंबाचा सहभाग : नवा फ्रिज कोणता घ्यायचा हे मोठी माणसे ठरवतात, त्यामुळे मुलाची रीडिंगची वही घरात सर्वांसमोर उघडली गेली पाहिजे. वीज पुरवणाऱ्या महावितरण कंपनीच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर दिलेला असतो. उन्हाळ्यात वापर वाढतोच, म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने १०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला वरच्या टप्प्याचा दर लागत नाही.

मर्यादा व महत्त्व : कार्यक्षम उपकरणे सुरुवातीला महाग पडतात आणि भाड्याच्या घरात बदल करण्यास वाव कमी असतो. जिथे मुळात एक दिवा आणि एक पंखाच आहे, त्या घराला काटकसर शिकवणे अन्यायाचे ठरते. तिथे भर सुरक्षित वायरिंग व पुरेशा उजेडावर हवा. राज्यातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. वाहिन्यांमध्ये काही वीज गळत असल्याने घरात वाचलेल्या एका युनिटामागे केंद्रात एकाहून अधिक युनिटांची निर्मिती टळते. घराचा खर्च आणि केंद्राभोवतालच्या वस्त्यांची हवा यांचा हा संबंध विद्यार्थ्यांना उमगणे, हे या शिक्षणाचे खरे फलित होय.