परडं आणि परडी

आमच्या बेळगावकडे घरामागच्या जागेला परडं म्हणतात. पुण्याची पाहुणी आली की ती ‘परसबाग’ म्हणते आणि माझ्या डोळ्यांपुढे उगाच आखीव वाफे येतात. परडं तसं नसतं. परड्यात विहीर असते, कपडे धुवायचा दगड असतो, शेवगा असतो, सांडपाण्यावर माजलेली कर्दळ असते, आणि या सगळ्यातून वाट काढत कुंपणापर्यंत गेलं की मोगरा, अबोली, गावठी गुलाब. आमच्या आज्जीच्या परड्यात कुंपणाला लागून एक प्राजक्त होता. त्याच्या फांद्या आमच्याकडे आणि फुलं निम्मी शेजारी, लिंगायत अक्कांच्या अंगणात.

आज्जीकडे वेताची एक परडी होती. ती सकाळी भरून कुंपणावरून पलीकडे जायची आणि दुपारपर्यंत अलीकडे यायची, कधी रिकामी नाही. अक्कांकडून बेल यायचा नाही, तो आमच्या कामाचा नव्हता. पण चार भेंड्या, मूठभर घेवडा, लिंबं, निदान कढीलिंबाची एक डहाळी तरी असायचीच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हा नियम आम्हा बायकांना कुणी शिकवावा लागत नाही. अक्कांचं मराठी तोडकं, आज्जीचं कन्नड मात्र खणखणीत. रोजचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं आणि भांडण झालंच तर आज्जी मराठीवर यायची.

या देवघेवीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. पण शोधायला गेलं तर खुणा सापडतात, आणि त्या दगडावर सापडतात. कागलजवळ बामणीला शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०७३चा, म्हणजे इसवी सन ११५१च्या सुमाराचा शिलालेख आहे. पार्श्वनाथाच्या अष्टविध अर्चनेसाठी, मंदिराच्या डागडुजीसाठी आणि मुनींच्या आहारासाठी राजानं दान दिलं, त्यात शेत आहे, राहायला घर आहे आणि फुलबागही आहे. कर्नाटकातल्या जुन्या दानलेखांमध्ये अशी ‘हूदोट’, म्हणजे फुलबाग, पुन्हापुन्हा येते. जल, गंध, अक्षता, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप, फळ ही आपली आठ द्रव्यं. त्यांतली पुष्प, फळ ही दोन तर थेट बागेतलीच. राजांना हे ठाऊक होतं. नुसतं देऊळ बांधून भागत नाही, रोज सकाळी तिथं फुलं पोचली पाहिजेत.

आमच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधवली. तेव्हा बेळगावचं नाव वेणुग्राम, बांबूंचं गाव. छतावरच्या दगडी कमळाला बहात्तर पाकळ्या आहेत, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. त्या काळचे दोन कोरीव लेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देणाऱ्यांची नावं अशी दगडावर राहिली. पण रोज पहाटे फुलं वेचून आणणाऱ्या हातांचं नाव या लेखांत कुठे नाही. असायची अपेक्षाही चूकच म्हणा. आमच्या आज्जीचं नाव तरी कुठे आहे? रेशनकार्डावर होतं, ते रेशनकार्डही गेलं.

एका म्हातारीची आठवण मात्र आपल्या लोकांनी ठेवली आहे. श्रवणबेळगोळला चामुंडरायानं दहाव्या शतकाच्या अखेरीस बाहुबलींची मूर्ती उभी केली. अभिषेकाला दुधाचे हंडेच्या हंडे ओतले, पण दूध मूर्तीच्या कमरेखाली उतरेना. मग एक गरीब म्हातारी पुढे आली. गुळ्ळकाय म्हणजे रानवांग्याच्या जातीचं एक फळ. ते पोखरून त्याच्या वाटीत तिनं दूध आणलं होतं. तेवढ्यानं मूर्ती नखशिखान्त न्हाली. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मलाही कळतं. पण त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती तिथं बाहुबलींच्या समोर उभी आहे हे खरं. सगळे प्रवचनकार ही गोष्ट सांगतात आणि चामुंडरायाच्या अहंकारावर बोलतात. मला दरवेळी वाटतं, तिनं ते फळ आणलं कुठून? परड्यातूनच आणलं असणार.

आता परड्यात काय काय ‘आपलं’ असतं त्याविषयी. ज्याला आपण अगदी देवाधर्माचं समजतो ते पुष्कळसं समुद्रापलीकडून आलेलं आहे. झेंडू मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी अमेरिकेची. देवचाफा म्हणून ज्याची फुलं आपण वेचतो तोही तिकडचा, आपला जुना तो सोनचाफा. पेरूही तिकडचाच. मिरची, पपई, सीताफळ, काजू यांतलं पुष्कळ पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं आणि घाट चढून वर पोचलं. ते वर कसं आलं असेल? बियाण्यांची दुकानं नव्हती. कुणाच्या तरी पदराच्या गाठीला बी बांधून आलं असेल, माहेराहून सासरी गेलं असेल. मिरची एका बाईनं दुसरीला दिल्याशिवाय घराघरांत पोचणं शक्य नाही, असं माझं मत आहे.

उलट्या दिशेनंही कुतूहल होतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. इथल्या औषधी आणि वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो आपल्या प्राजक्ताला ‘दुःखी झाड’ म्हणतो, कारण ते रात्री फुलतं आणि दिवसा फुलं टाकून देतं. सूर्यावर प्रेम करून फसलेल्या राजकन्येची गोष्टही त्यानं दिली आहे. आणि एक व्यवहाराची गोष्टही नोंदवली आहे, या फुलांच्या केशरी देठांचा रंग इथले लोक अन्नाला केशरासारखा वापरतात. हे वाचलं आणि मला आज्जीच्या फळीवरचा डबा आठवला. त्याकडे पुढे येते.

१८१८मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी वसली आणि बेळगावला कॅम्प आला. इथली हवा थंड. बंगल्यांच्या पुढे डेलिया, फ्लॉक्स, विलायती गुलाब फुलू लागले. ते गावातल्या परड्यांत आले ते माळ्यांच्या हातून. आज्जीकडेही डेलियाचे कंद असेच आले. आता आमच्यात कंदमूळ खात नाहीत, जमीन उकरताना जीव जातात म्हणून. डेलियाचा कंद खायचा नसतो हे खरं, पण दरवर्षी उकरून वेगळा तर करावा लागतो! आज्जीनं यावर तोडगा काढला. कंद उकरायचं काम अक्कांकडे, फुलं दोघींची. यातली पळवाट तिला दिसत नसेल असं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “तुला फुलं नको असली तर नको घेऊस.”

दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली. बंगालचा दुष्काळ पडला १९४३ साली, त्याच्या आदल्याच वर्षी सरकारनं ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम काढली होती. आज्जी तेव्हा नवी नवरी. तिच्या सासऱ्यांनी डेलिया आणि शेवंती काढून तिथे दुधी, दोडका, वाल लावायला सांगितलं. पोटापुढे फूल काय करणार! त्या दोन-तीन वर्षांत परडीतून फुलांऐवजी दुधीच जात-येत राहिला, असं ती सांगायची. एक वेल लागला की चाळीस फळं देतो, तेवढी एका घरात खपत नाहीत, म्हणून आळीभर वाटायची. पुढच्या वर्षासाठी एक दुधी वेलावरच वाळवायचा, बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. राखेनं किडा लागत नाही आणि मारावाही लागत नाही. प्राजक्त मात्र तिनं तोडू दिला नाही. सासऱ्यांना काय सांगितलं कोण जाणे.

रोप चोरून आणलं तरच जगतं, असं बाकीच्या जगात मानतात. आम्हा अणुव्रतवाल्यांची इथं पंचाईत. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, अदत्तादान, मग ती गुलाबाची काडी का असेना. पण रोप जगावं हेही वाटतंच. त्यामुळे आमच्या बायकांनी एक रीत काढली होती. काडी हवी असेल तर आधी विचारायचं. मालकीण “हं” म्हणायची आणि विहिरीकडे तोंड करून उभी राहायची. मग घेणारीनं काडी मोडायची. मालकिणीनं पाहिलं नाही म्हणून चोरी झाली, तिनं हो म्हटलं म्हणून झाली नाही. माझ्या लग्नानंतर सासरी मी हे केलं तेव्हा जाऊबाई हसून हसून दमल्या, पण तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

एवढं सगळं हलकंफुलकं वाटतं, पण फुलावरून आपल्या समाजात पंथ पडलेले आहेत. सतराव्या शतकात उत्तरेत, आग्र्याला बनारसीदासांसारख्या गृहस्थ विद्वानांच्या मंडळींत, भट्टारकांच्या कर्मकांडाला विरोध सुरू झाला. त्यातून दिगंबरांचा तेरापंथ उभा राहिला आणि सांगानेर-जयपूरकडे जोर धरून राहिला. फूल हा एकेंद्रिय जीव, शिवाय त्यात बारीक किडे, तेव्हा ते देवाला वाहणं म्हणजे हिंसा. म्हणून तिथं पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात. आमच्या दक्षिणेत नांदणी-कोल्हापूरच्या मठांची परंपरा, उपाध्ये पूजा करणार, पंचामृत होणार, फुलं वाहिली जाणार. आपण ‘वीसपंथी’ आहोत हे आमच्यापैकी कितीतरी जणींना उत्तरेकडची सोयरीक झाल्यावरच कळलं.

माझी धाकटी बहीण इंदूरला दिली. घर चांगलं, हिंदी बोलणारं, आणि तेरापंथी. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा आज्जीनं मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात, केळीच्या पानात बांधून दिल्या होत्या. त्या मी प्रवासभर मांडीवर सांभाळल्या. सकाळी मंदिराला निघताना मी परडी उचलली तर तिच्या सासूबाई दारात थांबल्या. रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की फुलं घरीच राहू देत. बहिणीचा चेहरा उतरला. आम्ही काचमंदिर पाहिलं, सेठ हुकुमचंदांचं वैभव पाहिलं, पण माझं लक्ष लागलं नाही. आमच्या आज्जीनं जन्मभर हिंसा केली असं या घराला वाटतं, एवढंच डोक्यात. संध्याकाळी कळ्या उमलल्या आणि घरभर वास सुटला. कुणी काही बोललं नाही.

परत येऊन मी आज्जीला सगळं तावातावानं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “त्यांचं खरंच आहे की गे.” आणि मग तिनं जे सांगितलं ते तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ती कळी खुडायची नाही. झाडावरची निम्मीच फुलं घ्यायची, घेतलेलं फूल झटकून परडीत टाकायची. आणि बस्तीत द्यायला शक्य तोवर प्राजक्तच न्यायची, कारण तो आपण होऊन पडतो, तोही फडक्यावर झेललेला. मोगरा तिनं इंदूरला पाठवला तो वासासाठी, आमच्या हौसेसाठी. पंडितांनी शतकानुशतकं जो वाद घातला त्यातला आपल्यापुरता निवाडा तिनं रोज सकाळी कंबर वाकवून केला होता.

मग तिनं फळीवरचा डबा काढला. त्यात प्राजक्ताचे वाळवलेले केशरी देठ होते. “तांदूळ रंगवायला केशर महाग पडतं. हे दे त्यांना. गळालेल्या फुलांचे आहेत म्हणून सांग.” तो डबा मी पुढच्या खेपेला नेला. सासूबाईंनी देठ ताटात पसरले, चष्मा लावून निवडले, पुन्हा एकदा ऊन दाखवलं, आणि दसलक्षणात त्या पाण्यात तांदूळ भिजवले. त्यानंतर दरवर्षी डबा इंदूरला जायचा आणि येताना त्यात कधी शेव, कधी त्यांच्या हातचे मुरवलेले आवळे यायचे.

आज्जी गेली. काही वर्षांनी रस्ता रुंद झाला, त्यात कुंपण गेलं आणि प्राजक्तही गेला. मोबदला मिळाला, तक्रार कुणाकडे करायची? अक्कांच्या सुनेनं तेवढं म्हटलं की आता सकाळी अंगण झाडायचं काम कमी झालं, आणि लगेच गप्प झाली. त्या वर्षी डबा पाठवायला माझ्याकडे काही नव्हतं. फोनवर बहिणीला सांगितलं.

पर्युषणाच्या आधी तिकडून येणाऱ्या एकाच्या हाती तोच जुना डबा आला, झाकण दोऱ्यानं बांधलेला. सासूबाई तोवर नव्वदीच्या जवळ पोचल्या होत्या. पहिल्या वर्षी देठांबरोबर चार चपट्या बिया चुकून गेल्या असाव्यात. त्यांनी त्या टाकल्या नव्हत्या, मागच्या अंगणात लावल्या होत्या. झाड केव्हाच मोठं झालं होतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. डब्यात देठ होते, आणि कागदाच्या पुडीत बिया. कागदावर त्यांच्या थरथरत्या हिंदी अक्षरात एवढंच, की बिया आपोआप गळालेल्या आहेत.

अकरा पेरल्या, तीन उगवल्या. एक माझ्या दारात आहे, एक अक्कांच्या सुनेकडे कुंडीत. तिसऱ्या रोपाला गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत, पण ते अजून वीतभरच झालंय.