लायपेज, धानाच्या कोंड्यातील
तेलाचे पाण्याच्या साहाय्याने विघटन करून मेदाम्ले मोकळी करणारे विकर (एंझाइम). विकरांच्या सात वर्गांपैकी तिसऱ्या, म्हणजे जलविच्छेदक वर्गात ते मोडते. त्याचा क्रमांक ३.१.१.३. गोंदिया जिल्ह्यातील राइस मिलमध्ये त्याची करामत नाकालाच कळते. अखंड दाण्यात विकर आणि तेल वेगवेगळ्या थरांत असल्याने त्यांची गाठ पडत नाही. पॉलिश करताना थर चुरडले की दोन्ही एकत्र येतात. विकराच्या क्रियाशील स्थानी तेलाचा रेणू बसतो, विक्रियेला लागणारी सक्रियण ऊर्जा घटते, बंध तुटतो. विकर मात्र खर्ची न पडता पुढचा रेणू धरते. म्हणून साधारण १५ ते २० टक्के तेल असलेला कच्चा कोंडा काही तासांतच खराब होऊ लागतो आणि खाद्यतेलासाठी नकोसा होतो. ओल कमी केल्यास किंवा थंडीत विकर केवळ मंदावते. वाफेने मात्र त्याच्या प्रथिनाची घडी मोडते. उसना तांदूळ करताना धान आधीच भिजवून वाफवलेले असल्याने त्याचा कोंडा अधिक टिकतो. सजीव पेशीतील नियंत्रण याहून नाजूक : माणसाच्या मेदपेशींत ॲड्रेनालिन लायपेजला चालना देते, इन्शुलिन आवरते.