फोन्सावान: रांजणांचे पठार आणि बॉम्बची कवचे

आज लाओसच्या उत्तर भागातील फोन्सावान या आडवळणी गावाविषयी. प्रवासी येथे दोन गोष्टी पाहावयास येतात: माळावर विखुरलेले प्रचंड दगडी रांजण, आणि घरोघरी दिसणारी बॉम्बची रिकामी कवचे. कवचांचे कुठे कुंपण झाले आहे, तर कुठे त्यांत माती भरून कांद्याची पात लावली आहे. प्रवासी ही दोन स्वतंत्र आकर्षणे मानतात. अभ्यासकाला ती वेगळी काढता येत नाहीत.

रांजण बहुतांशी वालुकाश्माचे, वजनाने कित्येक टनांचे. काही माणसाहून उंच. खुन चेउंग या राजाने युद्ध जिंकल्यावर तांदळाच्या मद्यासाठी ते घडवले, असे लोककथा सांगते. १९३० च्या दशकात फ्रेंच संशोधिका मादलेन कोलानी यांना तेथील एका गुहेत राख व जळालेली हाडे सापडली. रांजणांचा संबंध अंत्यविधीशी आहे, हे त्यांचे अनुमान. पुढील उत्खननांत रांजणांभोवती दफनेही आढळली.

पण ही उत्खनने फार उशिरा, १९९० च्या दशकात सुरू झाली. मधल्या काळात, १९६४ ते १९७३ या वर्षांत, अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, तेही युद्ध जाहीर न करता. क्लस्टर बॉम्बच्या एकेका कवचात चेंडूएवढे शेकडो स्फोटक गोळे असत. लाओ लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. त्यांतील असंख्य गोळे न फुटता मातीत रुतून राहिले.

जुनी प्रांतिक राजधानी मुआंग खून या माऱ्यात बेचिराख झाली. वाट पिया वाट या तेथील विहाराचे उघडे खांब आणि त्यांच्यामध्ये बसलेली भग्न बुद्धमूर्ती तेवढी उरली. फोन्सावान त्यानंतर उभे राहिले. तेथे जुनी पेठ दिसत नाही, ती यामुळेच. कोलानींना राख सापडली, त्या गुहेतही युद्धकाळात माणसे आश्रयाला होती.

२०१९ मध्ये युनेस्कोने या पठाराला जागतिक वारसा घोषित केले. तरीही पायवाटांवर पांढऱ्या-तांबड्या खुणा आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन आतपर्यंत तपासलेली, तांबड्या बाजूची केवळ वरवर पाहिलेली. खणावे कोठे, हे पुराव्याआधी या खुणा ठरवतात. पुरातत्त्वाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही अट मला आढळली नाही.

जवळच्या नापिया गावात युद्धातील भंगार ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. प्रवासी ते आवडीने घेतात. ते धातू कोणीतरी याच जमिनीतून उकरून आणलेले असते.