ध्रुवीय वेशभूषा

ध्रुवीय वेशभूषा : उत्तर व दक्षिण ध्रुवप्रदेशांत वावरताना शरीराची उष्णता राखण्यासाठी वापरावयाची वस्त्रे व ती वापरण्याची पद्धत. वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. त्याच्या तंतूंत व थरांत अडकलेली स्थिर हवा हीच खरी निरोधक होय. वाऱ्याने ही हवा ढवळली गेली किंवा घामाच्या पाण्याने तिची जागा घेतली, की जाड वस्त्रही निरुपयोगी ठरते. ही गोष्ट उत्तर ध्रुवप्रदेशातील एस्किमो लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. यूरोपीय समन्वेषकांना ती बरीच किंमत मोजून शिकावी लागली.

एस्किमोंचा हिवाळी पोशाख कॅरिबू हरणाच्या कातड्याचा व दुहेरी असे. आतील अंगरख्याची केसाळ बाजू शरीराकडे व बाहेरील अंगरख्याची बाहेर ठेवीत. दोन्ही सैल असून टोपरे अंगरख्यालाच जोडलेले असे. काम करताना अंग तापले, तर गळ्याजवळून हवा खेळू द्यावयाची व घाम येऊ द्यावयाचा नाही, हे त्यांचे मुख्य पथ्य. नॉर्वेजियन समन्वेषक रोआल अमुनसेन याने १९०३–०५ या काळात किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे काढले, तेव्हा त्याने ही विद्या नेट्‌सिलिक एस्किमोंकडून आत्मसात केली. रॉबर्ट स्कॉट याच्या ब्रिटिश तुकडीचा भर लोकरी अंतर्वस्त्रे व त्यांवर वारारोधक गॅबर्डिन यांवर होता. हे कापड हलके व चांगले होते. परंतु घसरगाड्या माणसांनीच ओढावयाच्या असल्याने घाम अटळ होता व तो वस्त्रांत आणि झोपण्याच्या पिशव्यांत गोठत असे. १९११ च्या हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरर्ड यांनी केप क्रोझिअरपर्यंत केलेल्या प्रवासात तापमान सु. उणे ६० अंश से. पर्यंत उतरले होते. चेरी-गॅरर्डच्या निवेदनानुसार एकदा तंबूबाहेर येऊन त्याने मान वर केली, तोच कपडे गोठून कडक झाले व पुढे कित्येक तास त्याला मान खाली घेता आली नाही. परतीपर्यंत त्यांच्या झोपण्याच्या पिशव्या आत साठलेल्या बर्फामुळे दुपटीहून अधिक जड झाल्या होत्या.

अमुनसेन १४ डिसेंबर १९११ रोजी व स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. परतीच्या वाटेवर स्कॉट व त्याचे चार सहकारी मरण पावले. त्याचे सारे खापर कपड्यांवर फोडणे योग्य नव्हे; अपुरे अन्न, इंधनाची तूट, अतिश्रम व मार्चमधील असाधारण थंडी ही कारणेही तितकीच प्रबळ होती. शिवाय सप्टेंबर १९११ मधील आपल्या पहिल्या प्रयाणात कातडी वस्त्रे असूनही अमुनसेनला टाचा हिमदंशाने बाधलेल्या सोबत्यांसह माघारी फिरावे लागले होते.

लोकरीचे महत्त्व अद्याप ओसरलेले नाही. स्वतःच्या वजनाच्या सु. ३० टक्के बाष्प शोषूनही ती ओली वाटत नाही व शोषण होत असताना थोडी उष्णता बाहेर टाकते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरच्या मुसळधार पावसात घोंगड्याची खोळ पांघरून गुरांमागे फिरणारा गुराखी याच गुणाचा लाभ घेत आला आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे, सणगरांनी मागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेले हे वस्त्र भिजले तरी ऊब सोडत नाही. मात्र ते जड होते, आणि ध्रुवीय वाऱ्यापुढे त्याची विरळ वीण टिकणार नाही. वाऱ्यामुळे उष्णताऱ्हास किती वाढतो, याचे मापन सायपल व पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्याचा वेग मोजून केले. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. तिच्यात २१ सदस्य होते. गोव्याच्या दमट उष्म्यातून निघणाऱ्या माणसाला जी सवय प्रथम सोडावी लागते, ती अंगालगतच्या सुती बनियनची. कारण सूत घाम धरून ठेवते व लवकर वाळत नाही. १९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले गेले. याच मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पंत यांचा जन्म नागपूरचा व शिक्षण पुणे विद्यापीठात झाले. समुद्रजीवशास्त्राच्या नमुन्यांसाठी बारीक हातकाम आवश्यक असते. जाड हातमोज्यांत ते होत नाही व उघड्या बोटांनी गार धातूला स्पर्श केल्यास कातडी चिकटते. म्हणून पातळ बोटमोज्यांवर सैल, बोटे एकत्र ठेवणारे मोजे चढवितात. उबेसाठी केलेली योजनाही घातक ठरू शकते : १९९० मध्ये नवव्या मोहिमेतील चार सदस्य तंबूत कार्बन मोनॉक्साइडाच्या विषबाधेने मृत्यू पावले. तंबू जितका बंदिस्त, तितके वायुवीजन अधिक महत्त्वाचे.

आधुनिक पोशाख तीन थरांचा असतो : अंगालगत बारीक लोकर किंवा कृत्रिम धागा, मध्ये पिसांचा अथवा कृत्रिम लवीचा जाकीट-थर व बाहेर वारारोधक कवच. पिसे कोरडी असताना सर्वांत उबदार; भिजली की चपटी होऊन निकामी होतात. बुटांत दोन मोजे घालूनही बोटे हलली पाहिजेत, कारण घट्ट बूट रक्ताभिसरण रोखतो. चालण्यास आरंभ करण्यापूर्वीच एक थर उतरवून ठेवण्याची शिस्त पाळतात. ‘मैत्री’ (१९८९) व ‘भारती’ (२०१२) या ठाण्यांवर जाणाऱ्यांची व्यवस्था वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. प्रयाणापूर्वी सदस्यांना उत्तराखंडातील औली येथे हिमप्रदेशातील वावराचे प्रशिक्षण दिले जाते.