ट्रिस्टन द कुन्हा

ट्रिस्टन द कुन्हा : दक्षिण अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य बेट व त्यावरील एकमेव गाव. ब्रिटिश सागरपार प्रदेशाचा भाग. क्षेत्रफळ सु. ९८ चौ. किमी.; लोकसंख्या सु. २४०. वस्ती असलेले सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे सु. २,४०० किमी. वरील सेंट हेलेना बेट. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन सु. २,८०० किमी. दूर. बेटावर धावपट्टी नाही. केपटाउनहून वर्षाकाठी मोजक्याच बोटी येतात आणि त्यांना साधारण आठवडा लागतो. जगातील सर्वांत दुर्गम कायम वस्ती म्हणून या बेटाचे नाव सर्वत्र घेतले जाते. समाजजीवनाच्या अभ्यासकांना मात्र त्याचे मोल दुसऱ्याच कारणासाठी वाटते. १८१७ मध्ये तीन पुरुषांनी समान वाट्याचा करार करून येथे संसार मांडला. त्या कराराचे तत्त्व दोनशे वर्षांनंतरही येथील जमीन, मासेमारी आणि गावकारभार यांत टिकून आहे.

भूवर्णन : बेट जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा व्यास सु. १२ किमी. आहे. मधोमध ‘क्वीन मेरीज पीक’ हे सु. २,०६० मी. उंचीचे ज्वालामुखी शिखर असून हिवाळ्यात त्यावर बर्फ पडते. किनारा बहुतेक ठिकाणी उभ्या कड्यांचा आहे. वायव्येला कड्याच्या पायथ्याशी सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी आहे आणि गाव वसले आहे ते तिच्यावरच. गावाचे अधिकृत नाव ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’. १८६७ मध्ये येऊन गेलेला ड्यूक ऑफ एडिंबरो राजपुत्र ॲल्फ्रेड याच्यावरून ते पडले. गावकरी नुसते ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत असेच म्हणतात. हवामान समशीतोष्ण, पाऊस भरपूर आणि वारा जवळपास अखंड. समुद्र इतका खवळलेला असतो की, धक्क्यावर होडी लावता येईल असे दिवस वर्षात थोडेच मिळतात. इनॲक्सेसिबल व नाइटिंगेल ही शेजारची बेटे निर्मनुष्य आहेत. आणखी दूर आग्नेयेला असलेल्या गॉफ बेटावर दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र आहे. गॉफ व इनॲक्सेसिबल या बेटांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद आहे.

शोध व नाव : पोर्तुगीज सेनानी त्रिस्तांव द कुन्हा याला हिंदुस्थानाकडे येताना १५०६ मध्ये ही बेटे दिसली. तो किनाऱ्यावर उतरला नाही, पण नाव त्याचेच राहिले. त्याचा मुलगा नुनो द कुन्हा १५२९ ते १५३८ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. शिडांच्या जहाजांच्या काळात युरोपातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्वेकडे जाणारी जहाजे पश्चिमी वारे पकडण्यासाठी या बेटांच्या आसपास येत. गोडे पाणी घेण्यासाठी काही थांबतही. १८११ मध्ये जोनाथन लँबर्ट या अमेरिकन खलाशाने बेटांवर आपली मालकी जाहीर केली, पण पुढच्याच वर्षी तो बुडून मरण पावला.

वसाहतीची स्थापना : सेंट हेलेनावर कैदेत ठेवलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठी या बेटाचा तळ म्हणून वापर होईल, अशी ब्रिटिशांना धास्ती होती. म्हणून १८१६ मध्ये त्यांनी येथे फौज उतरवली आणि बेट ताब्यात घेतले. वर्षभरातच फौज परत बोलावण्यात आली. स्कॉटलंडमधील केल्सो गावचा तोफखान्यातील कॉर्पोरल विल्यम ग्लास याने मात्र पत्नी मारिया व मुलांसह येथेच राहण्याची परवानगी मिळवली. सॅम्युअल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडी त्याच्या सोबतीला राहिले.

७ नोव्हेंबर १८१७ रोजी या मंडळींनी एक करार लिहून काढला. गुरेढोरे व सामानसुमान यांत सर्वांचा सारखा वाटा, नफा सारखा वाटून घ्यायचा, खर्चही सारखाच सोसायचा आणि कोणीही दुसऱ्यावर वरचढ मानला जाणार नाही, असा त्याचा आशय होता. लिहिणारे लष्करी शिस्तीत वावरलेले होते. हुद्द्यांची उतरंड त्यांनी रोज अनुभवली होती. म्हणूनच हा करार विशेष वाटतो. मूठभर माणसांना एकमेकांवाचून जगणे अशक्य आहे हे त्यांनी ओळखले आणि ते कागदावर आणले. पुढे ग्लास हा वसाहतीचा प्रमुख मानला गेला, पण त्याचा मान शब्दाला असलेल्या वजनाचा होता. इतरांपेक्षा जास्त वाटा त्यातून मिळत नव्हता.

लोक व वंश : वसाहत वाढली ती फुटलेल्या जहाजांतून वाचलेल्या आणि व्हेल शिकारीच्या जहाजांवरून उतरलेल्या माणसांनी. १८२१ मध्ये लंडनहून मुंबईला निघालेले ‘ब्लेंडन हॉल’ हे जहाज इनॲक्सेसिबल बेटावर फुटले. वाचलेल्यांनी कित्येक महिने पेंग्विन, पक्ष्यांची अंडी आणि रानभाजी खाऊन काढले. शेवटी त्यांच्यापैकी काही जण स्वतः बांधलेल्या होडीतून ट्रिस्टनला पोहोचले, तेव्हा ग्लास व त्याच्या सोबत्यांनी उरलेल्यांना आणवून घेतले. बुडत्या जहाजावरील माणसांना वाचवणे हे तेव्हापासून या गावाचे जणू ब्रीदच झाले.

बेटावर अविवाहित पुरुषच अधिक होते. १८२७ मध्ये त्यांच्या विनंतीवरून एका जहाजाच्या कप्तानाने सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आणल्या. त्यांनी आपल्या इच्छेने हा प्रवास पत्करला होता आणि त्यांच्याच संसारांतून गाव उभे राहिले. पुढे डच, अमेरिकन आणि १८९२ मध्ये जहाजफुटीनंतर राहिलेले कामोल्यी गावचे दोन इटालियन यांची भर पडली. ग्लास, ग्रीन, स्वेन, हॅगन, रॉजर्स, रेपेटो व लाव्हारेलो ही सात आडनावे गावात दीर्घकाळ चालत आली. आनुवंशिकीच्या अभ्यासानुसार आजच्या गावकऱ्यांचा वंश सु. पंधरा मूळ व्यक्तींपर्यंत जातो. दम्याचे प्रमाण येथे फार मोठे असल्याने या विकाराच्या संशोधनासाठी गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांना सहकार्य केले. बोलीभाषा इंग्रजी; तिच्यात या सर्व मुलखांचे हेल मिसळलेले आहेत.

हलाखीचा काळ : १८५३ मध्ये ग्लास वारला. त्याच्यानंतर, १८३६ मध्ये जहाजफुटीतून येथे आलेला डच खलाशी पीटर ग्रीन गावाचा आधार बनला. व्हेलची शिकार घटली, वाफेच्या जहाजांना वाऱ्याची गरज उरली नाही आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडची वाहतूकच या वाटेवरून उठली. जहाजांना बटाटे, मांस व पाणी देऊन बदल्यात पीठ, कापड, अवजारे घेणे हा गावाचा एकुलता एक व्यापार होता, तो आटला. त्यात २८ नोव्हेंबर १८८५ रोजी एका जहाजाशी देवघेव करण्यासाठी होडी घेऊन गेलेले पंधरा पुरुष परतलेच नाहीत. एवढ्याशा गावातील बहुतेक धडधाकट पुरुष एका दिवसात गेले. विधवांची घरे उरलेल्यांनी चालवली. गाव सोडून जाण्याचे प्रस्ताव सरकारकडून वेळोवेळी आले. काही कुटुंबे गेलीही, पण राहिलेल्यांनी वसाहत मोडू दिली नाही.

जमीन व जीवनक्रम : बेटावरील जमीन सामाईक आहे. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही आणि येथे कायम वस्तीही करता येत नाही. गावापासून सु. ३ किमी. अंतरावर ‘पॅचेस’ नावाची बटाट्यांची शेते आहेत. वाऱ्याला अडवण्यासाठी दगडांचे बांध घालून त्यांचे लहान लहान तुकडे पाडलेले असून ते कुटुंबवार कसले जातात. एखाद्या घराकडे गुरेमेंढरे फार वाढून सर्वांचे कुरण उजाड होऊ नये, म्हणून कुटुंबाने किती जनावरे ठेवावीत याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. बटाटा हे शतकाहून अधिक काळ येथील मुख्य अन्न होते आणि व्यवहारातील चलनही. १९४६ मध्ये बेटाला स्वतःचे टपाल तिकीट मिळावे म्हणून तयार केलेल्या नमुन्यावर एक पेनी या किमतीबरोबर ‘चार बटाटे’ अशीही किंमत छापली होती. अधिकृत तिकिटे १९५२ पासून निघू लागली आणि जगभरच्या संग्राहकांमुळे ती गावाच्या उत्पन्नाचे एक साधन बनली.

बेटावर मोठे लाकूड मिळत नाही. त्यामुळे हलक्या लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून, रंग देऊन होड्या बांधण्याची कला येथे विकसित झाली. याच शिडाच्या होड्यांतून पुरुष नाइटिंगेल बेटावर जाऊन समुद्रपक्ष्यांची अंडी, चरबी आणि खतासाठी विष्ठा आणत. घरे ज्वालामुखीच्या दगडांची, वाऱ्याकडे भिंतीची कड करून बांधलेली असत. छपरे लांब पानांच्या फ्लॅक्सने शाकारलेली असत. आता पत्रे आले आहेत. मेंढ्यांची लोकर कातून विणकाम करणे हे स्त्रियांचे पिढीजात कौशल्य आहे.

सणवार व सामुदायिक कामे एकमेकांत गुंफलेली आहेत. मेंढ्यांची लोकर कापण्याच्या दिवशी सारा गाव एकत्र जमतो. ‘रॅटिंग डे’ला गट पाडून बटाट्यांच्या शेतातील उंदीर मारतात आणि त्याची स्पर्धा लागते. वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘ओकालोली’ म्हणजे मुखवटे घातलेले तरुण घरोघर जाऊन पोरासोरांना भिववतात. समुद्र शांत असला की पहाटे ‘डाँग’ नावाची घंटा वाजते. तो मासेमारीच्या दिवसाचा इशारा. ती ऐकताच सरकारी नोकरीतले लोकही आपले काम बाजूला ठेवून होड्यांकडे वळतात.

आधुनिक काळ : १९३७-३८ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रीय मोहिमेने बेटाचा सर्वांगीण अभ्यास केला. तिच्यातील समाजशास्त्रज्ञ पेटर मुंक याने पुढे अनेक वर्षे या समाजाविषयी लेखन केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश नौदलाने येथे बिनतारी व हवामान केंद्र उभारले. त्याबरोबर रोख मजुरी आणि पैशाचे चलन आले. १९४९ पासून शेवंडीची व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि ती डबाबंद करणारा कारखाना निघाला. आजही शेवंड हाच गावाचा मुख्य आर्थिक आधार आहे.

१९६१ चा उद्रेक : ऑगस्ट १९६१ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. १० ऑक्टोबरला गावाला लागूनच जमीन फुगून फाटली आणि ज्वालामुखी जागा झाला. गावकरी होड्यांतून नाइटिंगेलला गेले. तेथून डच जहाजाने त्यांना केपटाउनला नेले आणि पुढे ते इंग्लंडला पोहोचले. २६४ बेटवासीयांची सोय आधी सरे परगण्यात आणि नंतर साउथॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथे करण्यात आली. नोकऱ्या मिळाल्या, घरे मिळाली. परंतु अनोळखी रोगजंतूंनी काही वृद्धांचा बळी घेतला आणि घड्याळावर चालणारे, शेजाऱ्याला न ओळखणारे जीवन त्यांना मानवले नाही. गाव कायमचे उठले असा सरकारी यंत्रणेचा समज होता. १९६२ च्या शास्त्रीय मोहिमेला मात्र बहुतेक घरे शाबूत आढळली. लाव्ह्याने कारखाना आणि होड्या लावण्याचे किनारे गिळले होते. डिसेंबर १९६२ मध्ये प्रौढ बेटवासीयांनी मतदान केले. परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५ मते पडली. १९६३ मध्ये बहुतेक गाव स्वगृही परतले. इंग्लंडमधील सुखसोयींचा अनुभव घेतलेल्या माणसांनी जाणूनबुजून घेतलेला हा निर्णय असल्यामुळे तो अज्ञानातून घेतला असे म्हणता येत नाही. काही जणांनी नंतर पुन्हा इंग्लंडची वाट धरली. नव्या बंदराला ‘कॅलशॉट हार्बर’ हे नाव देण्यात आले.

शासन व संस्था : २००९ च्या घटनेनुसार सेंट हेलेना, असेन्शन व ट्रिस्टन द कुन्हा हा एक ब्रिटिश सागरपार प्रदेश आहे. गव्हर्नरचा प्रतिनिधी म्हणून प्रशासक येथे राहतो. ‘आयलंड कौन्सिल’मध्ये आठ निवडून आलेले आणि तीन नेमलेले सभासद असतात. निवडणूक दर तीन वर्षांनी होते आणि सभासदांत किमान एक स्त्री असावी लागते. सभासदांपैकी एक जण निवडणुकीतून ‘चीफ आयलंडर’ ठरतो. सेंट मेरीज शाळेत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण मिळते. उच्च शिक्षणासाठी बेट सोडावे लागते. २०१७ मध्ये नवे रुग्णालय झाले. त्याला येथे स्थायिक झालेल्या दोन इटालियनांच्या कामोल्यी गावाचे नाव दिले आहे. अँग्लिकन व रोमन कॅथलिक अशी दोन चर्च आहेत. तरुण मोजके आणि जन्म कमी असल्याने गावाचे वय वाढत चालले आहे. होड्या चालवणारे हात पुढेही पुरावेत, ही गावापुढची मोठी चिंता आहे.

निसर्गसंवर्धन : मार्च २०११ मध्ये ‘ओलिव्हा’ हे मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकांवर आदळले आणि त्याचे तेल समुद्रात पसरले. गावकऱ्यांनी तेलाने माखलेले हजारो रॉकहॉपर पेंग्विन गोळा करून गावात आणले आणि त्यांची शुश्रूषा केली. पुष्कळ पक्षी तरीही दगावले. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटांभोवती सु. ६,८७,००० चौ. किमी. चे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले आणि त्याच्या ९० टक्क्यांहून अधिक भागात मासेमारी पूर्ण बंद झाली. उरलेल्या पाण्यात शेवंडीची मासेमारी ठरावीक कोट्यानेच चालते. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून मोठा असा हा समुद्र अडीचशेच्या आतबाहेरच्या वस्तीने राखायचे ठरवले. कुरणावर किती मेंढ्या चराव्यात हे जनावरांची गणती करून ठरवणाऱ्या या समाजाला सामाईक ठेव्यातून मोजूनमापून घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. समुद्राच्या बाबतीतही त्याने तोच नियम लागू केला.