पोटरींतला गोळा आणि कोयनेल



रात्रीं गाढ झोपेंत असतां पोटरींत एकाएकीं गोळा येतो, पाय लांकडासारखा ताठ होतो आणि मनुष्य कळवळून उठून बसतो. साठी उलटलेल्यांपैकीं पुष्कळांना हा अनुभव असेल. दुखणें नवें नाहीं. चरकसंहितेंत वाताचे जे ऐशीं विकार सांगितले आहेत त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हणून एक आहे. पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणें; नांवांतच सारें वर्णन आलें. आपल्या घरांतून यावर तेल चोळावयाचें व शेकावयाचें, एवढाच रिवाज होता.

परंतु या दुखण्याच्या इतिहासांत खरें चमत्कारिक प्रकरण आहे तें कोयनेलाचें. सिंकोना हें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरचें झाड. त्याच्या सालीनें हिंवताप उतरतो हें युरोपांत सतराव्या शतकांत कळलें. १८२० सालीं पेल्तिये व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं सालींतून कोयनेल वेगळें काढलें, आणि १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅम याच्या खटपटीनें सिंकोना निलगिरीच्या डोंगरांत आला. पुढें बंगाल्यांत कोयनेलाच्या पुड्या टपालकचेरींतून पैशापैशाला विकल्या जात. तें कडू जहर ज्यांनीं लहानपणीं गिळलें त्यांना त्याची चव निराळी सांगावयास नको.

आतां तापाचें औषध पोटरीकडे कसें वळलें? कोयनेलानें स्नायूंची उत्तेजित होण्याची शक्ति मंदावते. या गुणामुळें १९४० सालीं अमेरिकेंतील मॉस व हेरमन या डॉक्टरांनीं तें रात्रींच्या पेटक्यांवर देऊन पाहिलें व गुण येतो असें प्रसिद्ध केलें. रोगी थोडे होते. तरी तेवढ्या आधारावर निजतांना कोयनेलाची गोळी घेण्याची चाल पाश्चात्य देशांत पडली ती पन्नासांवर वर्षें टिकली! एवढ्याशा पुराव्यावर एवढा विश्वास, याचें मला नवल वाटतें.

पुढील चांचण्यांत पेटके कांहीं अंशीं कमी होतात हें दिसलें, नाहीं असें नाहीं. पण क्वचित् कांहींजणांच्या रक्तांतील बिंबाणु एकदम घटतात, हृदयाची लय बिघडते, प्रसंगीं प्राणावर बेततें. ज्या दुखण्यानें कोणी मरत नाहीं त्यासाठीं हें साहस कशाला? अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें १९९४ सालीं पेटक्यांसाठीं चिठ्ठीवांचून होणारी कोयनेलाची विक्री बंद केली, व २००६ सालीं मान्यता नसलेलीं कोयनेलाचीं औषधेंहि बाजारांतून काढावयास लावलीं.

उरला व्यायाम. निजण्यापूर्वीं पोटऱ्या ताणल्यानें पेटके कमी होतात असें २०१२ च्या एका डच चांचणींत आढळलें. २००५ च्या इंग्लंडांतील चांचणींत मात्र तसा लाभ दिसला नव्हता. ताणण्यास खर्च नाहीं व भयहि नाहीं, म्हणून माझें मत डच मंडळींकडे झुकतें. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पायाचीं बोटें नडगीकडे ओढावीं. आंखडलेला स्नायु ताणला जाऊन बहुधा लवकर सुटतो. पेटके वारंवार येऊं लागले, किंवा एकच पाय सुजून दुखत राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावें.