मस्तुरीचा पोरगा

तुम्ही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आहात. ७ नोव्हेंबर १९७१, रविवार, दुपार. तात्यापाऱ्याकडच्या मराठी घरांतून जेवणं उरकल्याची शांतता आहे, आझाद चौकात रिक्षावाले सीटवरच आडवे झालेत. तुम्ही पायांत चपला सरकवताय तेवढ्यात आतून आईचा आवाज येतो, "एवढ्या उन्हात कुठं?"

"दुर्गला. तिथून बघेऱ्याला. रात्री कार्यक्रम आहे."

"कसला?"

'नाचा' हा शब्द तुम्ही तोंडातच ठेवता. नाचा म्हणजे खेड्यातल्या लोकांचं रात्रभराचं खेळणं. मशालींचा उजेड, लुगडं नेसलेले पुरुष, जोक्कडचे चावट विनोद. ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घराला नाट्यसंगीत चालतं, गणपतीतलं कीर्तन चालतं, नाचा चालत नाही. तुम्ही 'गाण्याचा कार्यक्रम' म्हणता. ते खोटंही नाही.

पॅसेंजरच्या खिडकीतून भिलाईच्या चिमण्या मागे पडतात. दुर्गला उतरून बघेऱ्याच्या कच्च्या रस्त्याला लागता, तर आख्खा रस्ताच चालतोय. बैलगाड्यांत गोधड्या, कंदील, फडक्यात बांधलेली अंगाकर रोटी, पेंगणारी पोरं. धान कापायला आलंय, तरी हातातली कामं टाकून माणसं निघालीत.

ज्यांच्या गावी तुम्ही चाललात ते दाऊ रामचंद्र देशमुख. आडनाव ऐकून विदर्भातले कुणी वाटतील, पण घर अस्सल छत्तीसगढी कुर्मी शेतकऱ्याचं. नागपुरात शिकलेले, छत्तीसगढचे पुढारी डॉ. खूबचंद बघेल यांचे जावई, आणि नाचाचं वेड लहानपणापासूनचं. १९५०च्या सुमारास त्यांनी देहाती कला विकास मंडळ काढून नाचातले उत्तम गडी गोळा केले होते. त्यांतले काही पुढे हबीब तन्वीरांबरोबर दिल्लीला गेले आणि 'नया थिएटर'चा कणा झाले. दाऊ मग बरीच वर्षं गप्प होते. आता पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा उठलेत, आणि या खेपेला त्यांनी नुसते नट शोधलेले नाहीत, कवीही शोधलाय.

पंचमीचा चंद्र वर यायला वेळ आहे. तुम्ही गवताच्या पेंढ्यावर जागा धरता. कार्यक्रमाचं नाव 'चंदैनी गोंदा', म्हणजे झेंडूच. रंगमंचावर साठच्या वर कलावंत. दुखित नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट सुरू होते: पेरणी, सण, दुष्काळ, कर्ज, गाव सोडणं. गोष्ट साधीच आहे, खरं सांगायचं तर थोडी लांबतेही. पण दर थोड्या वेळाने तिच्यातून गाणं वर येतं, आणि त्यासाठीच ही रात्र जागायची.

पेटीवर खुमानलाल साव आहेत. ज्या मंदराजी दाऊंनी नाचात चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली, त्यांचेच हे नातलग; त्यांच्याच रवेलीच्या पार्टीत तयार झालेले. पुढे सरकून त्यांचा हात बघा. डाव्या हाताने भाता हलका, जवळजवळ निष्काळजी. उजव्याची बोटं मात्र सूर दाबून ठेवत नाहीत, त्याला धक्का देऊन सोडून देतात. त्यामुळे ददरिया असो की करमा, चाल शेतातून उचललेली वाटते आणि तरी नीट बसवलेली असते. शेजारी बेंजो टणटणतोय. नाचाच्या जुन्या रसिकांना तो जरा खटकत असणार.

आणि मग माईकसमोर एक सडपातळ पोरगा येतो. बिलासपूरजवळच्या मस्तुरी गावचा, म्हणून आडनावच मस्तुरिया. लक्ष्मण. जन्म ७ जून १९४९, म्हणजे आज बावीस वर्षांचा. गाणी त्यानेच लिहिलीत. आवाज गुळगुळीत नाही, शास्त्राचं शिक्षण घेतलेला तर मुळीच नाही. पण शब्द नेमके कुठे टेकवायचे हे त्याला कळतं, कारण ते त्याचेच आहेत.

इथे क्षणभर विलायतेकडे बघून या. रिचर्ड थॉम्प्सन नावाचा लंडनचा पोरगा याच्यापेक्षा दोनच महिन्यांनी मोठा, ३ एप्रिल १९४९चा. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या त्याच्या बँडने १९६९मध्ये 'लीज अँड लीफ' काढून जुनी इंग्रजी लोकगाणी इलेक्ट्रिक गिटारवर चढवली, आणि त्यांच्याच घाटाची नवी गाणी शेजारी ठेवली. पाठ फिरवून ऐकलं तर नवं कुठलं, जुनं कुठलं, पटकन सांगता येत नाही. १९७१च्या सुरुवातीला त्याने बँड सोडला. पुढच्या वर्षीची त्याची पहिली एकट्याची रेकॉर्ड फारशी खपली नाही. बघेऱ्यात कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही, आणि त्यानेही बघेऱ्याचं ऐकलं नसेल. पण उद्योग तोच: लोकांच्या चालीत स्वतःचं लिहायचं, इतकं बेमालूम की लोकांना ते आपलंच वाटावं. यात लिहिणाऱ्याचा तोटा असतो.

तीन-चार वर्षं पुढे या. पुन्हा ब्राह्मणपारा, संध्याकाळ. आकाशवाणी रायपूर १९६३पासून आहे, आणि आता या बोळातल्या घराघरांतून तोच आवाज येतोय: 'मोर संग चलव रे'. पडलेल्यांना, ठेचकाळलेल्यांना, मागे राहिलेल्यांना तो सोबत चला म्हणतो. उपदेशाचा सूर नाही, की घोषणेचा नाही. तोच घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेला थांबलाय आणि हात पुढे करतोय, असा तो आवाज. १९७४मध्ये याच पोराला लाल किल्ल्यावरच्या कविसंमेलनाला बोलावलं होतं. तुमची आई पोळ्या लाटता लाटता ते गुणगुणते. नाचा चालत नाही, हे ती विसरलेली दिसते. तुम्ही आठवण करून देऊ नका.

आता त्यांना 'अहो-जाहो' करायला हवं. मस्तुरिया रायपूरच्या राजकुमार कॉलेजात शिकवायला लागले. संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेली ही शाळा, १८८२ची, जबलपूरहून १८९४मध्ये रायपुरात आलेली. तिच्या आवारातून सायंकाळी बाहेर पडणारा मास्तर घरी जाऊन भुईच्या लेकरांची गाणी लिहितो. ही विसंगती मला फार आवडते, पण त्यांना स्वतःला ती टोचत असेल का, असंही वाटतं. शहीद वीर नारायण सिंहांवर त्यांनी 'सोनाखान के आगी' हे खंडकाव्य लिहिलं. 'लोकासुर' नावाचं मासिक चालवलं. कविता वासनिकांच्या आवाजातलं 'पता दे जा रे' हे गाडीवाल्याचं गाणंही त्यांचंच. लग्नाच्या मांडवात वाजतं ते. मांडवातल्या माणसाला विचारा कुणाचं आहे. कविताबाईंचं नाव सांगेल, कवीचं सहसा नाही.

ऑक्टोबर २०००ची २७ तारीख. रायपुरात थेटराबाहेर गर्दी उसळलीय. सतीश जैनांचा 'मोर छइंहा भुइंया' लागलाय, त्यात मस्तुरियांची गाणी आहेत. छत्तीसगढी सिनेमा १९६५मध्ये मनू नायकांनी 'कहि देबे संदेस' काढून सुरू केला होता, रफीसाहेबही त्यात गायले होते. मग जवळजवळ सगळं थंडावलं. आता पाचच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, वेगळं राज्य होणार आहे आणि माणसं तिकिटाच्या खिडकीशी ढकलाढकली करतायत. तुमच्या पुढचा माणूस तिकिटाआधीच गाणं म्हणतोय. अभिमानाची जी भाषा पुढारी आता बोलतायत, ती या माणसाने एकोणतीस वर्षं आधी बघेऱ्यात ऐकली होती, किंवा त्याच्या बापाने.

३ नोव्हेंबर २०१८. निवडणुकीचे दिवस, भोंगे लावलेल्या जीपा गल्लीगल्लीतून फिरतायत. मस्तुरिया रायपुरात गेल्याची बातमी येते. वय ६९. खुमान साव पुढच्या जूनमध्ये जातात. दाऊ तर १९९८मध्येच गेलेत.

आणखी एकच उडी, २०१९चा नोव्हेंबर. राज्यगीत ठरलंय: नरेंद्र देव वर्मांचं 'अरपा पैरी के धार', 'सोनहा बिहान' या रंगमंचीय कार्यक्रमाच्या काळातलं. आझाद चौकातल्या पानठेल्यावर तुम्हाला वाद ऐकू येतो. एक म्हणतो, मस्तुरियांचं 'मोर संग चलव'च घ्यायला हवं होतं. दुसरा म्हणतो, ते तर माणसांना सोबत चला म्हणणारं गाणं, राज्यगीतात भूमीचं वर्णन लागतं. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं बरोबर आहे, आणि हे मस्तुरियांच्या गाण्याचं कौतुकच समजा. कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवर 'मोर संग चलव' लावतो आणि सहज विचारतो, "हे तर लोकगीत आहे ना? जुनं?"

पान लावणारा चुना पुसत म्हणतो, "जुनं कसलं. मस्तुरियाजींचं आहे. जी. ई. रोडवर राजकुमार कॉलेज आहे ना, तिथं मास्तर होते." आणि सुपारीचे पैसे वेगळे मागतो.